लाल पट्टीचा चंबू

प्रिय खारूताई,

एकतीस वर्षांची झालीस तरी तुला याच नावानं हाक मारते आहे, रागावू नकोस. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मीही "जाऊ दे, काही नाही" म्हणून सुटका करून घेते. कागदावर तसं पळता येत नाही. बाबा केस कापायला गेलेत. ते परत येईपर्यंत तास-दीड तास आहे, तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते. अक्षराला हसू नकोस. एके काळी प्रयोगशाळेत माझ्या अक्षराचे दाखले द्यायचे, आता ओळ सरळ राहत नाही.

रविवारी तुझा फोन आल्यापासून या घरात कुणी धड जेवलेलं नाही. दोन्ही वेळच्या तपासणीत लघवीतून प्रथिनं जाताहेत, मूत्रपिंडं वयाच्या मानानं फार थकली आहेत, घराण्यात कुणाला असं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलंय, हे तू किती शांतपणे सांगितलंस. मी म्हटलं, तुझ्या आत्याला होता तसला त्रास. तू म्हणालीस, "म्हणजे रक्तातच आहे तर." दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी बाबांना सांगितलं की मूल होऊ द्यायचं नाही असं तुमच्या मनात घोळतंय, आपल्यापासून हे पुढे जायला नको म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात बुधवारी त्याच सल्ल्यासाठी तुम्ही पुन्हा डॉक्टरांकडे जाणार आहात. तेव्हापासून बाबा आत्याची जुनी पत्रं काढून बसलेत, तिनं कुठे पाय सुजल्याचं लिहिलंय का ते शोधत. "आमच्याच घराण्यानं पोरीच्या पदरात हे टाकलं," असं काल मला म्हणाले आणि उठून गच्चीवर गेले. आत्या जाऊन आठ वर्षं झाली, तिला विचारायची सोय नाही.

तुला माझं संशोधन केंद्र आठवतं का गं? तू लहान होतीस, शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायचीस. गावभरचा ओला कचरा मागच्या टाक्यांमध्ये कुजवायचा, त्यातून निघणाऱ्या गॅसवर आमचे दिवे आणि उपाहारगृहाची शेगडी चालायची, आणि टाकीत उरलेला गाळ वाफ्यांमध्ये घालून पालेभाजी पिकवायची. "कचऱ्यातून गॅस, गाळातून भाजी," असं केंद्राचे प्रमुख, आमचे साहेब, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. आता घरोघरी सौरपट्ट्या आल्यात, पण त्या काळी आम्हाला वाटायचं की जग आम्हीच बदलणार. माझं काम एवढंच होतं की त्या भाजीत काही विषारी उतरत नाही ना, ते पाहायचं. कारण लोक कचऱ्यात काय वाट्टेल ते टाकतात. घड्याळाच्या, खेळण्यांच्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, सगळं भाजीच्या देठांबरोबर यायचं. गॅस जळून जातो, पण बॅटऱ्यांतला, रंगांतला कॅडमियमसारखा विषारी धातू जळत नाही, तो गाळातच राहतो.

पद्धत साधी होती. पानं वाळवायची, पूड करायची, काचेच्या चंबूत आम्ल घालून तापवत ठेवायची आणि विरघळली की यंत्राला द्यायची. प्रत्येक वेळी एक चंबू कोरा ठेवायचा. त्यात आम्ल तेच, पाणी तेच, फक्त पान नाही. त्याला आम्ही नुसतं "कोरा" म्हणायचो. कोऱ्यात जे काही दिसेल ती आम्लाची आणि पाण्याची घाण, म्हणून तो आकडा बाकी सगळ्यांमधून वजा करायचा. एकदा माझ्याच हातून कोरा आणि नमुना यांची अदलाबदल झाली आणि आठवडाभराचं काम वाया गेलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, चूक झाली की मला चैन पडत नाही. पाटी रंगवून उरलेला लाल रंग कपाटात होता. मी एका चंबूच्या गळ्याशी त्याची ठसठशीत पट्टी मारली, पार ओठापर्यंत. आता आंधळाही चुकणार नाही, असं मीच सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून मला केंद्रात "पट्टीबाई" म्हणायला लागले. मला ते आवडायचं. आम्लानं रंग उडायचा, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी मी त्यावर नवा हात फिरवायची.

कोऱ्याचा आकडा जास्त यायचा, हे मी पाहत होते. साहेबांना विचारलंही होतं. ते म्हणाले, आम्ल स्वस्तातलं आहे, कोरा त्यासाठीच तर असतो. कधीकधी वजाबाकी शून्याच्याही खाली जायची. साहेब हसायचे, "बाई, आपली भाजी पाण्यापेक्षा शुद्ध निघाली!" आणि मीही हसायचे. हसायचं नव्हतं. शून्याच्या खाली काही नसतं, हे तुझ्या दुसरीच्या पुस्तकातसुद्धा होतं. पण वहीत "आढळले नाही" असं लिहिताना किती बरं वाटायचं, ते तुला कसं सांगू.

चाचणीपुरती पानं घेऊन बाकीची भाजी खड्ड्यात पुरायची असा नियम होता. साहेब म्हणाले, अन्न पुरणं पाप आहे, यंत्र स्वच्छ म्हणतंय तर वाटून टाका. म्हणून दर गुरुवारी चार वाजता माळीकाका सुतळीनं जुड्या बांधायचे आणि सगळ्यात मोठी जुडी माझ्या पिशवीत घालायचे. "खारूताईला द्या, पोरीचं रक्त वाढेल." तू चार वर्षांची असल्यापासून दहा वर्षांची होईपर्यंत, सहा वर्षं. बाबांना पालेभाजीचा वासही नको, माझे दात ठणकायचे म्हणून मला बेताची, म्हणजे सगळी तुझ्याच पानात. तू गालात कोंबून ठेवायचीस, गिळायचीच नाहीस. खारूताई हे नाव त्यावरूनच पडलं. मी ताटासमोर बसून एकेक घास मोजायची, गाल रिकामे झाल्याशिवाय तुला उठू द्यायची नाही. शेजारणींना अभिमानानं सांगायची की माझी मुलगी हिरवं सगळं खाते.

मग एके दिवशी धुताना तो चंबू माझ्या हातून फुटला. नव्याला पट्टी मारायला वेळ नव्हता, म्हणून तसाच वापरला. त्या दिवशी कोऱ्याचा आकडा जवळजवळ शून्य आला आणि भाजीचे आकडे मर्यादेच्या कितीतरी वर गेले. मी तीनदा यंत्र तपासलं. मग कचऱ्याच्या डब्यातून लाल पट्टीचा तुकडा शोधला आणि आम्लात तापवला. यंत्राचा आकडा वर चढत राहिला. त्या लाल रंगातच कॅडमियम होतं. आम्लाची वाफ गळ्याशी थंड व्हायची, रंग धुऊन थेंबाथेंबानं खाली यायची, आणि आम्ही ते विष भाजीच्या विषातून वजा करत होतो. चूक होऊ नये म्हणून मारलेल्या पट्टीनं सहा वर्षं सगळं झाकून ठेवलं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अहवाल गेलाय, प्रकल्प पुढच्या महिन्यात बंद होतोच आहे, यंत्राचंच काही बिनसलं असेल. साहेब आता हयात नाहीत आणि मी त्यांच्यावर ढकलणार नाही. त्यांनी मला गप्प राहा असं सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच मला समजावलं. तू तर टुणटुणीत होतीस, शाळेच्या शर्यतीत पहिली आली होतीस. मी भाजी आणणं थांबवलं. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, हंगाम संपला. तू आनंदानं उड्या मारल्यास.

पण खारूताई, ते मला सोडत नाही. एकवीस वर्षं झाली तरी गुरुवार आला की माझ्या हाताला पिशवीचा भार जाणवतो. बाजारात जुड्या रचलेल्या दिसल्या की मी रस्ता ओलांडते. बाबा चेष्टा करतात, की हिला सोनं चालेल पण पालक नको. मध्यंतरी एकदा दुपारी स्वयंपाकघरात त्या ओल्या वाफ्यांचा वास आला. मी सगळी कपाटं उपसली, खिडक्या लावल्या, तरी तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. बाबांना काही येत नव्हता. कपाळावर हात ठेवून त्यांनी माझा ताप पाहिला.

माळीकाका रोज तीच भाजी खायचे, दोन्ही वेळा. गेल्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. मी फळं घेऊन इस्पितळात गेले होते. त्यांच्या हाताला नळ्या लावलेल्या होत्या. मला म्हणाले, "बाई, आपल्या भाजीची चव पुन्हा कुठे मिळाली नाही." त्यांची बायको माझा हात हातात घेऊन म्हणाली, एवढी शिकलेली बाई, पण आमची आठवण ठेवलीत. मी मान हलवली. महिन्याभरात ते गेले. भाजीमुळेच गेले की वयामुळे, ते मला माहीत नाही, आणि कळावं म्हणून मी कुणाला विचारलंही नाही. काकूंना चार शब्द लिहिले आहेत. केंद्राच्या संस्थेलाही माझ्याकडे राहिलेल्या वहीतल्या त्या पानांची नक्कल आज सकाळी पाठवली. तो गाळ आणखी कुणी शेतात घातला असेल तर त्यांना कळायला हवं. हे मी तेव्हाच करायला हवं होतं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. तुझ्या आत्याला मूत्रपिंडाचा कसलाही त्रास नव्हता. रविवारी मी खोटं बोलले. तू प्रश्न विचारलास आणि जिभेवर पहिलं नाव आलं ते अशा माणसाचं, ज्याला आता नाही म्हणता येणार नाही. तुझा निर्णय त्या खोट्यावर उभा राहतोय हे कळल्यावरही मी तीन दिवस गप्प बसले, तुझे बाबा आपल्या बहिणीची पत्रं चाळत असताना. ते आले की त्यांना सांगणार आहे. बुधवारी हे पत्र डॉक्टरांना दाखव, सोबत वहीची पानं जोडली आहेत. त्यांना म्हणावं, लहानपणी सहा वर्षं पोटात कॅडमियम गेलंय, त्याची तपासणी करा. तो धातू मूत्रपिंडांत वर्षानुवर्षं साठून राहतो आणि त्यांना झिजवतो. मूल हवं की नको, तुझ्या तब्येतीला ते झेपेल की नाही, हे तुम्ही दोघं आणि डॉक्टर मिळून ठरवा, मी त्यात पडणार नाही. पण माझ्या खोट्यावरून ठरवू नका. तुझ्या रक्तात काही नव्हतं गं. ते मी तुला भरवलं, घास मोजून.

तू रागावलीस तरी तुझीच,
आई