लिंडक्विस्ट साहेबांनी खाली ठेवलेला पेला

खिर्बत अल-लोझ, ३ मार्च

चि. साब्री यास,
थोरल्या बहिणीचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद. तिकडे बेल्जियमात, गेंटच्या थंडीत तुझे गुडघे धड आहेत असं धरून चालते.

समोरच्या टेकडीवरची इस्रायली वसाहत आता ओढ्यापर्यंत उतरली आहे, आणि परवाना नाही म्हणून आपली पत्र्याची शाळा पाडायची नोटीस लागली आहे. तारीख वीस. शाळा युरोपवाल्यांनी दिलेली. तिचं दार तुझ्या भावोजींनी बसवलं आणि उद्घाटनाआधीच ते गेले. त्या दारातून रोज सव्वीस मुलं आत जातात, ती पाहते, म्हणून माझा दिवस जातो.

या वसाहतींवरचं युरोपचं निवेदन मी अक्षरं लावून वाचलं. गेल्या वर्षी त्यांना चिंता होती, यंदा तीव्र चिंता आहे. प्रकृती खालावतेय बिचाऱ्यांची.

काल त्यांच्यातल्या एका वकिलातीचे लिंडक्विस्ट साहेब आले आणि कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला! सगळी बैठक सावरून बसली. आपल्यात पाहुण्यानं पेला ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे. ते पुरं होईतो तो पिणार नाही. अबू मझहर म्हातारे उठून म्हणाले, मागा साहेब, दिलं! शेजारच्या उम्म जाबिरनं तर, मागणी घालायला आलेत की काय म्हणून, लेकीला आत पिटाळलं. शेवटी दुभाष्यानं सांगितलं, साहेबांना डॉक्टरनं कॉफी बंद केलीय. साहेब कानापर्यंत लाल. शाळेचं काय, तर म्हणाले, वर कळवतो.

तुझी वाट पाहणारी,
रस्मिय्या

गेंट, ९ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सलाम वि. वि.

पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाइकं हसून दमली. इथे वसाहतीतल्या खजुराच्या खोक्यावर ‘वसाहतीतला माल’ असं छापायचा नियम आहे. लोक वाचतात, तोंड वाकडं करतात आणि खोकं घेऊन जातात. कागदाचं हे असं आहे. माणूस येऊन बसला तरच फरक पडतो.

तेव्हा ताई, आता तू त्यांच्याकडे पाहुणी जा. भावोजी म्हणायचे, रस्मिय्या हटून बसली की गाढवसुद्धा वाट बदलतं.

माया असू दे, रागावलीस तरी चालेल.
साब्री

खिर्बत अल-लोझ, २३ मार्च

चि. साब्री यास,
सलाम. गाढवाचं तू आल्यावर बघते.

रामल्लाला साहेबांच्या कचेरीत गेले. साहेबांनी स्वतः कॉफी आणली. मी पेला टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच दया आली. अर्थ कळायला दुभाष्या लागलाच नाही. म्हणाले, राजधानीला विचारावं लागेल. म्हटलं, विचारा, मी बसलेय. तीन तास फोन चालले. शेवटी म्हणाले, निवेदन नाही, वीसला मी स्वतः येतो. मग मी कॉफी प्यायले. पार गार झाली होती.

वीसला सकाळी साहेबांसकट पाच देशांची माणसं शाळेत पहिलीच्या बाकांवर हनुवटीला गुडघे लावून बसली. बुलडोझर आला. अधिकारी आत डोकावला, बराच वेळ फोनवर बोलला आणि सगळं घेऊन माघारी गेला. दुपारी आपल्या वकिलानं कोर्टाची स्थगिती आणली, सप्टेंबरपर्यंत. पुढचं पुढे.

मुलं मात्र रुसलीत. शाळा पडणार म्हणून कुणी पाढे पाठ केले नव्हते, आणि बाईंनी सोमवारी परीक्षा लावली. उम्म जाबिरची नात येऊन म्हणाली, खाला, ही सगळी तुझी करणी. मी तिचा कान धरला आणि सातचा पाढा म्हणायला बसवलं. सात आठेला दोघीही अडलो.

तुला येत असेल तर लगेच कळव. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
रस्मिय्या