सरस्वतीची मिशी

श्रीचरणेषु दिदी,

मला मिशी फुटली म्हणून बाबांनी माझ्या हातात कुंचला दिला आणि तुझ्या हातात चिखलच राहिला, हे तू आता तिसऱ्यांदा लिहिलंस. टोमणा तरी नवा मारत जा. बाबांचा हात थरथरतो, म्हणून महालयेला, पूजेआधीच्या अमावास्येला, गावच्या दुर्गेचे डोळे मीच येऊन रेखायचे, हा हुकूम बाबांचा, माझा नव्हे. (नमस्कार राहिला. तुझ्या आणि बाबांच्या पायांना. तुझी कंबर कशी आहे? मी इथे कलकत्त्यात, कुमारटोलीच्या मूर्तिकार-गल्लीत, बरा आहे. रोज भात आणि मासा मिळतो, मासा म्हणजे बहुतेक काटेच.) देवांच्या घरातही कामं वाटलेलीच असतात, लक्ष्मी नारायणाचे पाय चेपते, असं मी लिहिलं, तर तू उलट लिहिलंस की दुर्गा दहा हातांनी लढते आणि महादेव तिच्या डोक्यावरच्या चित्रात अंगठ्याएवढा बसून बघतो. याच विषयात माझी फजिती झालीय. ऐक, आणि हसायचं तर बाबांच्या माघारी हस.

आमच्या कारखान्याची मालकीण शेफालीमासी. नवरा वारल्यापासून सगळं तीच बघते. गिऱ्हाईक आलं की तिला ओलांडून आत डोकावतं, मालक कुठायत म्हणून. मासी मान न वळवता सांगते, "वर आहेत." वर म्हणजे तिच्या डोक्यामागे भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत (अगदी तुझ्या महादेवासारखे, हे कबूल करायला जड जातंय). तुला ठाऊकच आहे, लक्ष्मी, सरस्वती आणि कार्तिक, दुर्गेच्या या तिन्ही लेकरांची मुंडकी एकाच साच्यातली. ओळखायला मानेवर रेघा, सरस्वतीला दोन, कार्तिकाला तीन. मंगळवारी मासीने मला कार्तिकाला मिशी काढायला सांगितलं. मी रेघा न बघताच काढली, आणि अशी झोकदार काढली की मलाच हेवा वाटला. संध्याकाळी मुंडकी धडांवर बसवताना वीज गेली. तेव्हा मात्र मी मोठ्या इमानाने बोटांनी रेघा चाचपून बसवली.

सकाळी मी डोळे चोळत उठतोय तोवर पूजा मंडळाचे सेक्रेटरी बिश्वासबाबू मूर्ती बघायला हजर. आधी कार्तिकापाशी थांबले. म्हणाले, "यंदा कार्तिक जरा बायकी वाटतो." मग सवयीने सरस्वतीपुढे हात जोडायला गेले, ते हात अर्ध्यावरच राहिले. हातात वीणा, पायाशी हंस आणि ओठावर पीळदार मिशी. मासीने ओला फडका उचलला. "साचा एकच आहे, बाबू. आमच्याकडे देव पुरुष असतो तो मिशीपुरताच." पुसून, रंगवून तिने सरस्वतीला पुन्हा मुलगी केलं आणि मिशी कार्तिकाला दिली, बाबूंपुढचा चहा निवायच्या आत. बिश्वासबाबू खालच्या आवाजात म्हणाले, "पण दुर्गेचे डोळे तरी पुरुषच रेखेल ना? रीत आहे." मासी म्हणाली, "अकरा वर्षं मंडपातून तुमच्याकडे जी बघतेय, ती माझ्याच हातची." बाबूंनी तो चहा एका घोटात पिऊन टाकला.

यावरून तू काही अर्थ काढू नयेस. मी माझ्या मतावर ठाम आहे.

तुझा,
पोल्टू

ता. क. मी महालयेला येत नाही. सुटी मिळत नाही असं बाबांना सांग. (सुटी मिळालीय. पण काल मासीने एका फुटक्या मुंडक्यावर माझ्याकडून डोळे रेखून घेतले. म्हणाली, ही आई महिषासुराकडे नाही, मिठाईच्या ताटाकडे बघतेय. गावच्या देवीला तिरळी करायची माझी छाती नाही.) लहानपणी माझ्या पाटीवर मागच्या बाजूने तू डोळे काढायचीस, ते अजून माझ्याकडे बघतात. तू रेख. बाबा ओरडतील, मग बघतील, मग गप्प होतील. सोबतचा कुंचला मासीने निवडलाय.

आणखी ता. क. डोळे रेखणाऱ्याला दक्षिणा द्यायची रीत आहे. घरच्या मुलीला द्यायची बाबांना आठवण राहणार नाही. म्हणून ती मीच पाठवतोय, एकशे एक रुपये.