न विचारलेल्या प्रश्नांचे गुण

सांगली, बुधवार, १८ ऑक्टोबर १९७८

आज ऑपरेटिंग सिस्टिमचे गुण कळले. या विषयात प्रोग्रॅम जोडीने करायचा, त्याला दहा गुण. मग सर प्रत्येकाला एकट्याला बोलावून त्यावर प्रश्न विचारतात, त्याला पंधरा. आमचा प्रोग्रॅम माझा जोडीदार संपत याने एकट्याने लिहिला, संगणकाला द्यायची सगळी कार्डेही त्यानेच पंच केली. मी तेव्हा कुंडलला, वडिलांच्या तेराव्याला. तरी तोंडीत मला चौदा आणि त्याला नऊ?

सरांनी मला एवढेच विचारले, "वडील आजारी होते का?" मग मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जा." संपतला मात्र अर्धा तास पिळले.

संपत म्हणाला, "गड्या, मार्क तुझ्या टकलाला पडल्यात, तुला न्हाईत." हसला खरा, पण मेसला जाताना हाक मारली नाही. मीच सरांपुढे जाऊन रडलो, असे तर त्याला वाटत नाही? आणि सरांनी तरी नक्की कशाला गुण दिले?

उद्या टोपी घालून जाणार. म्हणणार, सर, माझी तोंडी पुन्हा घ्या.

पण त्याआधी संपतकडेच वही मागावी लागेल. आमचा प्रोग्रॅम कसा चालतो, ते मला अजून माहीत नाही.