साखऱ्याच्या दवाखान्यात रांग

मंगळवार, दिवेलागण

साखऱ्याच्या दवाखान्यात आज बायांची रांग लागली. अजून खरं वाटत नाही.

गरोदर बायांची तिथं मोफत तपासणी होते, हे गावोगाव कळावं म्हणून गेल्या आठवड्यात मी भोंग्याची जीप फिरवली. खर्च माझा, म्हणून जीपवर माझ्या कापड दुकानाचा फलक. आलं कोणीच नाही. फलकच नडला का? हे म्हणाले, "दुकानाची जाहिरात झाली, तेवढं पुरे." ते फार लागलं मला.

म्हणून परवा फलक उतरवला आणि स्वतः तांड्यावर गेले. तिथल्या शेवंताबाईंनी दारातूनच विचारलं, "लुगडी विकायला आल्या का?"

"न्हाई," म्हटलं आणि त्यांच्या ओट्यावर बसले. माझं पहिलं लेकरू पोटातच गेलं, माझं बीपी वाढलेलं कुणाला कळलंच नाही, सगळं सांगितलं. घरात तरी एवढं कधी बोलले होते? ऐकायला शेजारच्या बायाही येऊन बसल्या.

आज शेवंताबाई दिवस भरलेल्या सुनेला घेऊन सगळ्यांत आधी आल्या. त्यांच्यामागे तांड्यावरच्या बाया. सुनेचं बीपी इतकं वाढलेलं की नर्सबाईंनी तिला तडक ॲम्ब्युलन्सने हिंगोलीला धाडलं. नंतर दुकानात माझं कशातच लक्ष नव्हतं.

आत्ता शेवंताबाईंचा फोन आला. "पोरगी झाली, बाई. दोघी बऱ्या हायेत. काहून रडून राहिल्या तुमी?"

"रडत न्हाई, हसून राहिले," म्हटलं. दोन्ही खरं होतं.