भोंग्यावर राहून गेलेली बातमी

अहो,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं, शाळेत तसंच शिकवलं होतं. पण तुम्हाला मी कधी प्रिय म्हटलेलं नाही. आता म्हटलं तर तुम्हीच मागे वळून बघाल, ही कुणाला हाक मारतेय म्हणून. तेव्हा अहोच बरं.

आज सकाळी लक्ष्मणभाऊ येऊन गेले. माळावरच्या वस्तीवरचे, देवळात माईक लावायला तुमच्या हाताशी असायचे ते मेंढरंवाले लक्ष्मण. ते जे सांगून गेले ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि या घरात मी आणि दोन गाई. गावातलं काहीही आधी तुमच्या कानावर जायचं आणि मग गावाच्या. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

पण आधी गावच्या बातम्या देते. नाहीतर तुमचं माझ्या बोलण्याकडे लक्ष कधी लागलंय?

यात्रा तोंडावर आलीय. शर्यतीच्या बैलगाड्या पळतात तो घाट दुरुस्त करून घेतलाय, दोन्ही बाजूंनी मुरूम टाकलाय. यात्रा कमिटीवाले नारायणगावला जाऊन तमाशाची सुपारी देऊन आले. शर्यतीचं माईकवर बोलायला यंदा बाहेरून माणूस आणणार आहेत. तो बैलांची नावं चुकवणार आणि मग भांडणं लागणार, हे तुम्ही असता तर आत्ताच सांगितलं असतंत. कालव्याला पाणी सुटलंय. सोमवारी जनावरांच्या लसीला डॉक्टर येणार आहेत, देवळापुढे आणायची आहेत सगळ्यांनी. वरच्या मळ्यात बिबट्याने एक कालवड नेली. वनखात्याने पिंजरा लावलाय, आत शेळी बांधलीय. बिबट्या येतो, पिंजऱ्याला एक फेरी मारतो आणि निघून जातो. शेळी मात्र जाडजूड झालीय.

हे सगळं आता फोनवरच्या ग्रुपवर येतं. म्हाताऱ्या सासवा सुनेला विचारतात, "काय आलंय गं?" सून म्हणते, "काय न्हाई." मळ्यात राहणाऱ्यांना रेशन आल्याचं कळतं तेव्हा दुकान बंद झालेलं असतं. भैरोबाच्या देवळावरचे दोन्ही भोंगे जागेवर आहेत. एकाचं तोंड गावठाणाकडे, दुसऱ्याचं मळ्यांकडे आणि माळाकडे. तुम्ही गेल्यापासून त्यांच्यातून काही आलेलं नाही, फक्त हनुमान जयंतीला आरती लावली होती तेवढीच.

तुम्ही कशा बातम्या द्यायचात ते आठवतं का? मला आठवतं. धार काढताना मी ऐकत असायचे. "गुडघ्याचं शिबिर हाये राजुरीला, ज्यांचे गुडघे दुखत्यात त्यांनी जावं, ज्यांची तोंडं दुखत्यात त्यांनी घरीच बसावं." सगळा गाव हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायका हापशावर विचारायच्या, "आज आप्पांनी कुणाला टोमणा मारला?" मी म्हणायचे, मला काय माहीत, मी झोपले होते.

पण मयताची बातमी द्यायची असली की तुमचा आवाज बदलायचा. त्यात एक शब्द जास्तीचा नसायचा. नाव, वडिलांचं नाव, मळा कुठला, माती किती वाजता. दोनदा. बस.

आणि ते नाव माईकवर घ्यायच्या आधी तुम्ही चालत त्या घरी जायचात. दारात उभं राहून एकच विचारायचात, "लेकीला कळलं का?" बाहेरगावी दिलेल्या सगळ्या लेकींना निरोप पोचला, असं घरच्याने सांगितलं की मगच देवळात परत. कितीही उशीर होवो. एकदा सरपंचाच्या चुलत्याच्या वेळी सरपंच स्वतः म्हणाले, "आप्पा, आटपा, मानसं खोळंबल्यात." तुम्ही म्हणालात, "खोळंबू द्या. मेलेला कुठं पळून चाललाय?"

नव्या सुनांना हा तुमचा हेका वाटायचा. मला कारण ठाऊक होतं. पेठला दिलेल्या तुमच्या बहिणीला, आक्कांना, मामंजी गेल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. त्या आपल्या बापाला भेटायला म्हणून निघालेल्या. एस.टी.तून उतरल्या, हातात पिशवी, पिशवीत त्यांच्यासाठी केलेले लाडू, आणि समोर भोंगा बापाचं नाव घेऊन सांगत होता, माती अकराला. आक्का स्टँडवरच खाली बसल्या. ते तुम्ही पाहिलंत, आणि पुढच्या महिन्यात माईक तुमच्या हातात घेतलात. गावाला वाटलं हौस आहे. असू दे.

आता तुमचा दिवस सांगते. तुम्हाला त्यातलं काही माहीत नाही, तुम्ही आधीच निघून गेला होतात.

गोठ्यात तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. भाऊजींनी गाडी काढली, पण आता गाडीचा उपयोग नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. मग सगळे आपल्या लेकीला, कोमलला फोन करत सुटले. ती आणि जावईबापू दोघंही चाकणला. येडगावला घर आहे, तिथे फक्त तिचे सासूसासरे. जावईबापू कंपनीच्या गाडीबरोबर नाशिककडे गेलेले. आणि कोमलच्या कंपनीत फोन दारातच ठेवून आत जायचं असतं. दुपार होत आली तेव्हा कुठे कुणाच्या तरी ओळखीने तिच्या साहेबापर्यंत निरोप गेला. तोही एवढाच, की वडलांना बरं नाही, पोरीला पाठवून द्या.

ती आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात पाऊल टाकलं आणि तिने बघितलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आतल्या सगळ्या बायका उठल्या. आधीच उशीर झालेला, लगेच तुम्हाला उचललं.

मी ओसरीवर होते. अहो, अंगण भरलं नव्हतं. भावकी होती, आळीतली माणसं होती. पण मळ्यातलं कुणी नाही, माळावरचं कुणी नाही. ज्यांच्या घरच्या प्रत्येक मयताला तुम्ही पावसापाण्याचे चालत गेलात, त्यांच्यातलं कुणी नाही. भोंगा गप्प. गावातल्या प्रत्येकाच्या नावाने वाजलेला भोंगा, तुमच्या नावाने नाही.

तेव्हापासून मी अशीच आहे. जेवते, शेण काढते, डेअरीला दूध घालते, कोणी विचारलं तर बोलते. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटत नाही, तशी मी मलाच वाटत नाही. रडू आलेलं नाही. आक्का म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." मी म्हटलं, आलं की रडेन.

दहाव्याला मात्र सगळे आले. मंडप पुरला नाही. पुढाऱ्यांची भाषणं झाली, सगळ्यांना तुम्ही आधारवड वाटत होतात. बायका माझ्या गळ्यात पडून म्हणत होत्या, "आमाला कळलंच न्हाई ओ." कळलंच नाही म्हणे. मी त्यांचे हात खाली केले आणि आत जाऊन बसले. मग वर्षभर मी कुणाच्या दारात गेले नाही. हळदीकुंकवाला कोणी बोलावणार नव्हतंच, बारशाला बोलावलं तरी गेले नाही. कुणाच्या मयतालाही गेले नाही. तुम्हाला आवडलं नसतं ना? मला ठाऊक आहे. पण तुम्ही होतात कुठे सांगायला?

यात्रेच्या आधी तुमचं वर्षश्राद्ध येतंय. मी भाऊजींना सांगून टाकलं होतं, घरातल्या घरात करायचं. भटजी, भावकीतली चार माणसं, कोमल आणि जावई. गावाला आवतण नाही. मातीला जे आले नाहीत त्यांनी जेवायला तरी कशाला यावं?

ते लक्ष्मणभाऊंच्या कानावर गेलं असणार. म्हणून आज आले. घोंगडी खांद्यावर, ओसरीच्या खालीच उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

"वयनी, वर्साचं माईकवर सांगायचं का?"

"न्हाई," मी म्हटलं. "मयताचं कुटं सांगितलं व्हतं? तवा भोंगा बंद व्हता, आता कशाला चालू करायचा?"

ते खाली बघत म्हणाले, "बंद नव्हता."

मी पायरी उतरून त्यांच्यासमोर आले.

"सकाळपासनं म्या माईकपाशीच बसलो व्हतो. बटण चालू व्हतं. आप्पा कसं सांगायचे तसं समदं मनात जुळवलं व्हतं. पर लेकीला कळलं का ते कुणीच सांगंना. येनाऱ्याजानाऱ्याला इचारीत व्हतो. ते म्हनायचे, आजून न्हाई, फोन लागत न्हाई. ग्रुपवर टाकावं तर कोमल त्याच ग्रुपवर. पोरांनी इचारलं, टाकू का? म्या म्हटलं, खबरदार. आप्पाच्याच लेकीला फोनवर वाचून कळायचं व्हय?"

"मग ती आल्यावर?"

"ती आल्याचं मला कुनी सांगायला आलंच न्हाई, वयनी. कोन येनार? इचारायला जायाचं काम तर आप्पाच करायचे. मला वाटलं घरचं कुनी निरोप दील. घरच्यांला वाटलं आसंल म्या येईन. देवळाच्या पायरीवरनं बघितलं तं समदी मानसं मसनवाटंकडं निघालेली. म्या माईक तसाच टाकून पळालो. मळ्याला काय म्हनून नावं ठेवता? त्यांच्यापत्तुर आवाज गेलाच न्हाई."

मी विचारलं, मग वर्षभर बोलला का नाहीत? तर म्हणाले, दहाव्याला सांगायला आलो होतो, तुम्ही आत निघून गेलात. मग मेंढरं घेऊन कोकणात गेलो. परत आलो तेव्हा वाटलं, एव्हाना तुम्हाला कळलं असेल, आणि म्हणूनच तुम्ही माझ्यावर राग धरलाय.

असं झालं बघा. तुम्हीच घालून दिलेला नेम. गावाने तो मोडला असता तर तुमच्या मातीला माणूस मावला नसता. गावाने तो पाळला आणि तुम्ही थोडक्या माणसांत गेलात. मी कुणावर रागवायचं आता? तुमच्यावर?

लक्ष्मणभाऊ गेल्यावर मी बराच वेळ ओसरीवर बसले. रागाचं ओझं उतरलं म्हणजे हलकं वाटायला हवं. तसं वाटलं नाही. वर्षभर निदान राग तरी होता हाताशी, आता तोही गेला आणि नुसतं रिकामं राहिलं. मग एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी कोमलला कुणी सांगितलंच नाही. साहेबाने सांगितलं, बरं नाही. तिला घेऊन आलेल्या गाडीवाल्याने तेच सांगितलं. दारात आल्यावर तिने आपलं आपण बघितलं. नंतरही कुणी नाही, मीसुद्धा नाही. दिसल्यावर सांगायचं काय, असंच धरून चाललो सगळे.

आज तिला सुट्टी. मी फोन लावला.

"काय गं आई?"

"कोमल, कामात आहेस का? बस जरा."

"बसले. बोल."

"तुझे पप्पा गेले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती हळूच म्हणाली, "आई, बरी आहेस ना तू?"

"बरी आहे. त्या दिवशी तुला कोणी सांगितलं नाही, म्हणून आज सांगते. पप्पा गेले, बाळा. सकाळी, गोठ्यात. त्रास झाला नाही त्यांना."

मग तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि ती रडायला लागली. खूप रडली. मी नुसती ऐकत होते. मला तेव्हाही रडू आलं नाही, खोटं कशाला लिहू? पण फोन कानाला इतका घट्ट धरला होता की नंतर कान दुखत होता. वर्षात पहिल्यांदा माझं काहीतरी दुखलं.

शेवटी नाक ओढत ती म्हणाली, "कळलं, आई. आता गावाला सांग."

तुमचीच लेक ती. तिला नेम सांगावा लागत नाही.

मी लक्ष्मणभाऊंना फोन केला आणि एवढंच म्हटलं, "भाऊ, लेकीला कळलं." ते म्हणाले, "बरं वयनी. उद्या सकाळी माईक चालू करून ठिवतो. पर बोलायचं तुमी."

आधी नको म्हणणार होते. मग हो म्हटलं.

तेव्हा शब्द देते. उद्या मी देवळात जाईन. दोन्ही भोंगे चालू आहेत ना ते आधी बघीन. वर्षश्राद्धाला सगळ्या गावाने, मळ्यांनी आणि माळावरच्या वस्तीने यावं, असं सांगीन. पण त्याआधी राहिलेली बातमी देईन. तुम्ही द्यायचात तशीच, जास्तीचा एक शब्द न घालता, दोनदा.

त्यात तुमचं नाव घ्यावं लागणार. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते घेतलेलं नाही. दवाखान्यात, बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर मी शेजारच्या बाईकडे बघायचे आणि ती सांगायची. उद्या माझ्या शेजारी कुणी नसेल. आधी तुमचं नाव, मग मामंजींचं, मग आडनाव, आणि त्यापुढे 'वारले' हा शब्द. तो म्हणताना आवाज फुटला तर फुटू दे, गाव थांबेल.

इथे नाव लिहीत नाही. उद्या ऐका.

तुमची,
मंदा