माठाखालची स्टेपनी

अहो गजूचे बाबा,

मीच. दुसरं कोण बदलणार? तुमची आई?

तुमी इचारलं आन् उत्तर ऐकायच्या आधीच उठून गेलात. हे काही बरं न्हाई. आज दुपारी लिंबाखाली गाडीत बसले होते, काचा खाली करून. शेजारच्या वावरात हळद शिजून राहिली. तिची वाफ हळूहळू इकडं येत होती, ऊन बी पिवळं, हवा बी पिवळी, आन् माझा डोळा लागला. तर तुमी बाजूच्या सीटवर! मांडी घालून, जसं काही बाजेवर बसलात. म्हणलात, "सुमन, काल चाक कोणी बदललं?" मी तोंड उघडलं, तर सीटवर नुसतं ऊन.

आता अर्धं बोलणं पोटात ठिवून मला चैन पडत न्हाई, हे तुमाला ठाऊक हाय. म्हणून इथंच, स्टेअरिंगला वही टेकवून लिहून राहिले. गावच्या शाळेतली सातवी माझी, अक्षर वाकडंतिकडं येईल. पण तुमाला आता कुठं जायची घाई हाय? निवांत वाचा.

पहिलं हे ऐका. तुमच्या लेकानं गाडी इकायची ठरवली होती! संक्रांतीला पुण्याहून आला तवाच म्हणला, "आई, जुनी गाडी हाय. तू आन् आजी, दोघी बाया, रस्त्यात उभ्या राहिलात तर? मला तिकडं झोप लागत न्हाई. एकदा जरी गाडी रस्त्यात अडकली, तर मी येऊन इकून टाकीन." गिऱ्हाईक बी पाहून ठिवलं होतं पोरानं. मी म्हणलं, बराबर हाय. एकदा जरी अडकली तर इक.

आन् काल अडकली.

थांबा, लगेच घाबरू नका. तुमचा जीव त्या गाडीत किती, मला माहीत न्हाई का? पांढरी म्हणून आणली होती. दोन हंगाम वसमतला हळदीची पोती नेली, तर अंगाला हळद लागलेल्या नवरीवानी झाली. आन् तुमी! रोज सकाळी बादलीभर पाणी, मऊ फडकं, वरून गुणगुणणं. मला जन्मात कधी "सुमन, चांगली दिसतीस" म्हणलं न्हाई, आन् तिच्या आरशाला तोंडाची वाफ देऊन देऊन पुसत होता! सवत होती माझी.

पण त्या सवतीचं पोट कधी पाहिलं का हो? बोनट उघडा म्हणलं की तुमचं ठरलेलं, "चालती गाडी उघडायची नसते." कोणी शिकवलं तुमाला हे? ऑइलची काडी बाहेर काढून पाहिली न्हाई, बॅटरीवर पांढरा बुरा चढला तो पाहिला न्हाई. वरून चकचक, आतून देवाच्या भरवशावर.

सोताच्या छातीचं बी तेच केलं. दुखून राहिलं, हे मला सांगितलं कवा? चालता माणूस उघडायचा नसतो, व्हय ना?

जाऊ द्या. तिकडं आज वळायचं न्हाई.

दसरा आठवते का? झेंडूचा हार, बोनटवर स्वस्तिक, आन् चारी चाकांना हळदकुंकू. मी इचारलं होतं, "पाचव्याला काहून न्हाई लावलं?" तुमी दुसरीकडं पाहिलं. पाचवं गाडीत होतंच कुठं! पोत्याला जागा पाहिजे म्हणून तुमी स्टेपनी काढून ओसरीत ठिवली, आन् तुमच्या आईनं तिच्यावर पाण्याचा माठ बसवला. असा बसला, असा बसला, की हालता हालेना. "सुमे, ह्याच्यापेक्षा चांगली बैठक कुंभार बी देत न्हाई!" मंग काय, पाहुणे येत होते, गार पाणी पीत होते, आन् तुमच्या गाडीचं पाचवं चाक आमच्या घरात तिवई होऊन बसलं होतं.

आन् सेनगावच्या लग्नाला जातानी चाक बसलं, तवा? भर उन्हात. डिक्की उघडून तुमी कितीतरी वेळ आत पाहत राहिलात, जसं काही पाहून पाहून चाक उगवणार हाय. येणाऱ्या-जाणाऱ्यानं इचारलं की म्हणायचे, "काही न्हाई, जरा वारं खाऊन राहिलो." वारं! पान हालत नव्हतं! मी पदर तोंडाला लावून एवढी हसले की तुमी माझ्यावरच चिडले. शेवटी एका ट्रॅक्टरनं गाडी वढत नेली, आन् आपुन अक्षता पडल्यावर पोचलो. पण खरं सांगते, त्या उन्हात तुमी रुमाल भिजवून माझ्या डोक्यावर ठिवला होता. ते अजून आठवलं की डोकं गार होते.

तुमी गेल्यावर गाडी लिंबाखालीच उभी राहिली. पाला पडत गेला, खारीनं इंजनवर कापसाचं घर केलं. एक दिवस मला वाटलं, तुमी येऊन हॉर्न मारून राहिलात. बाहेर येऊन पाहिलं तर नुसती धूळ. मी आत बसले, चावी फिरवली. टक् बी न्हाई. बॅटरी मेलेली. मला एवढा राग आला तुमचा! जातानी हिला बी घेऊन गेलात का?

मंग शहनाजभाबी आली, आपली पल्याडच्या गल्लीतली. तिच्या बापाचा टेम्पो होता, लग्नाआधी ती त्याच्यावरच चालवायला शिकली होती, हे गावात कोणाला ठाऊक होतं? तिनं बोनट उघडलं. खारीचं घर उचलून अल्लाद लिंबाच्या फांदीत ठिवलं. हवेची जाळी काढली तर तिच्यातून हळद सांडली, ओंजळभर! मला म्हणते, "भाबी, इसका तो लगन लगाके रख दिए तुम लोगां!" नवी बॅटरी बसवली. मंग रोज इंजन गार असतानी मला काडी वढायला लावायची, पाणी पाहायला लावायची. एकदा तापलेल्या गाडीचं पाण्याचं झाकण मी उघडायला गेले, तर हातच धरला. "गरम ढक्कन मतलब सास का मुँह. ठंडा हुए बगैर नक्को खोलो!"

तुमच्या आईनं ओसरीतून ऐकलं. दोन दिवस भाबीला चहा दिला न्हाई.

चालवायला बी तिनंच शिकवलं, मोकळ्या वावरात. लायसन काढून आणलं. तुमी मला कधी स्टेअरिंगला हात लावू दिला? "तू बस, मी हाय ना." बसले. आयुष्यभर बसले. खिडकीतून रानं मागं जायची, तुमी बोलत राहायचा, आन् मी मनातल्या मनात तुमच्या पायाखालचे तिन्ही पायडल दाबत होते.

स्टेपनीचं भांडण तर इचारूच नका. माठाखालून काढली तवा तुमच्या आईनं रडारड केली. "लेक गेला, आता माठ बी पाडतीस का?" मी माठाला विटा रचून दिल्या, स्टेपनीत हवा भरून आणली, डिक्कीत ठिवली. जॅक, पाना, लाल त्रिकोण, पाण्याचा कॅन, टॉर्च, एक चटई, गुळशेंगदाण्याची डबी. आता पोती कमी बसतात. बसू देत.

तर काल. हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेल्तो. तुमच्या आईचा मोतीबिंदू काढलेला डोळा बराबर हाय म्हणले. येतानी काळा चष्मा लावून मागं बसल्या, एखाद्या पुढारणीवानी. कळमनुरी सोडली. दोन्ही अंगानं पळस फुललेला. उन्हात ती फुलं जागची हालल्यावानी दिसत होती, रस्ता बी पाण्यावानी लवत होता. तेवढ्यात स्टेअरिंग डावीकडं वढाया लागलं. मला वाटलं, तुमीच बाजूनं हात घातला. म्हणलं बी, "सोडा हो!"

मंग फडफड आवाज आला, आन् मी जागी झाले. भाबीचा आवाज कानात, एकदम ब्रेक नक्को. पाय काढून घेतला, गाडी हळू होऊ दिली, रस्ता सोडून टणक, सपाट जाग्यावर उभी केली. चारी लाईट लुकलुकते केले, हँडब्रेक वढला. तुमच्या आईला उतरवून लांब, पळसाखाली चटईवर बसवलं. त्रिकोण घेऊन मागं चालत गेले, तर त्या चटईवरून वरडल्या, "सुमे, कोणाची पूजा मांडून राहिली गं तिकडं?"

"चाक बसलं, आत्या."

"बसू दे. आपुन बी बसू. माझा लेक असता तर..."

"तुमचा लेक असता तर उद्यापरेंत बसलो असतो!"

हसल्या हो. तुमी गेल्यापासून पहिल्यांदा, दात दिसले.

मोटारसायकलवर दोघं आले. "मावशी, मालक कुठं हायेत?"

"लई लांब गेलेत. त्याहीची वाट पाहिली तर चाक गंजून जाईल."

"मंग आमी करू का?"

"करा की. तो दगड उचला आन् त्या कोपऱ्यातल्या मागच्या चाकाला लावा."

दगड लावला त्याहीनं. जॅकच्या आधी नट ढिले करायचे असतात, गाडी जमिनीवर असतानीच. हातानं हालेनात. तुमी माझ्या वजनावर नेहमी बोलायचे ना? तेच वजन पान्यावर घातलं. पान्यावर उभी राहिले, कडकन नट सुटला! ते दोघं पाहतच राहिले. मंग जॅक लावला, चाक काढलं, स्टेपनी आणली, तर तुमच्या आईनं काळ्या चष्म्यातून बी वळखली. "अगं, हे तर माझ्या माठाचं चाक!"

"व्हय आत्या. माठाखाली असतं तर पाणी गार राहिलं असतं, पण प्यायला घरी कसं गेलो असतो?"

नुसतं म्हणल्या, "नट नीट आवळ."

समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळून राहिले होते. वारं न्हाई, आवाज न्हाई, ते दोघं बी गेले होते. वरून एक फूल पडलं, बराबर माझ्या हातावर. मी मान वर केली. तुमी टाकलं का? खरं सांगा! मला त्या घडीला असं वाटलं, की हे चाक, हा रस्ता, लाल रान, सगळं कोणी तरी झोपेत पाहून राहिलं, आन् मी त्याच्या झोपेत पाना फिरवून राहिले.

संध्याकाळी गजूचा फोन आला. मी सांगायच्या आधी तुमच्या आईनं फोन घेतला आन् मोठ्यानं म्हणल्या, "गाडी रस्त्यात अडकली रे!" गेली म्हणलं गाडी.

"मंग? कोण आलं मदतीला?"

"कोण कशाला येईल? तुझी माय होती ना तिथं. मी चटईवर बसून शेंगदाणे खाल्ले."

मंग मला फोन दिला. मी म्हणलं, "अट अट हाय, गजू. अडकली म्हणजे अडकली, तुझा शब्द तू पाळ." तर म्हणतो कसा, "आई, मला कळते. तुला ती बाबाची आठवण म्हणून पाहिजे. ठेव. गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो." आवाज ओला झाला त्याचा. मी म्हणलं, "हं."

तर आता इकडची काळजी सोडा. मी शब्द देते, दर बाजाराच्या सकाळी चाकांची हवा पाहीन, पाचव्याची बी. इंजन गार असतानी ऑइल पाहीन, पाणी पाहीन. तुमच्या आईला औंढ्याला दर्शनाला नेईन, त्याहीनं किती बी सूचना केल्या तरी रस्त्यात उतरवणार न्हाई. गाडी धुवीन बी, पण बोनट उघडल्यावर.

आता एक राहिलं, ते कोणाला सांगितलं न्हाई. गजूला मी "हं" म्हणलं, ते खोटं होतं. तुमच्या आठवणीला मला गाडी लागत न्हाई, ती न बोलावता येते. गाडी मी तुमच्यासाठी ठिवली न्हाई. मला ती चालवायला आवडते. तुमच्या बाजूला बसून जेवढं बरं वाटायचं ना, त्याच्याहून जास्त आवडते.

तुमचीच,
सुमन