चाक कोण धरणार

वेस्तेरोस, स्वीडन
८ मार्च १९८७

ती. आक्का हिस सदूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लोट्याच्या कंपनीने मला मशीन शिकायला सहा महिने इथे धाडलं, त्यातले दोन संपले. मशीन बरंचसं कळलं, माणसं अजून कळत नाहीत. बर्फाबद्दल लिहून कंटाळलो, म्हणून आज वेगळं लिहितो.

शनिवारी दुपारी आमचा फोरमन निल्स याच्याकडे जेवण होतं. आठ पाहुणे, चार गाड्या. आम्ही कोट काढतोय तेवढ्यात त्याच्या बायकोने विचारलं, जाताना चाक कोण धरणार? चौघांनी हात वर केले. त्या चौघांना शेवटपर्यंत फळांचा रस. एकानेही त्यांना आग्रह केला नाही की शपथ घातली नाही. बाकीच्यांनी मात्र अशी ढोसली की एक जण बूट काढता काढता खुर्चीतच झोपला. म्हणजे ही माणसं पिण्यात आपल्याला हार जाणारी नव्हेत. मी बाईंना म्हटलं, असं तोंडावर विचारलं की पाहुण्याचा अपमान नाही होत? त्या म्हणाल्या, कॉफीत साखर किती, हे विचारल्यावर होतो का?

तेव्हापासून विचार करतो आहे. तुझ्या दिराच्या, बाबूच्या लग्नाला मी नसणार याचं फार वाईट वाटतं. तुझ्या सासऱ्यांना, आप्पांना साष्टांग, भावोजींना नमस्कार, मुलांना पापा. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.

तुझा सदू

*

वरची वाडी, जि. रत्नागिरी
२९ मार्च १९८७

चि. सदू यास आक्काचे अ. आ.

तुला कंपनीने मशीन शिकायला पाठवलं की लोकांचे ग्लास मोजायला? तब्येत सांभाळ. तुझं पत्र नेहमीप्रमाणे तुझ्या भावोजींनी ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. हे तर सगळ्यांत जास्त हसले. म्हणाले, पाहुण्याच्या हातात रस देतात, ही कसली माणसं! तेव्हा कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. मीही उठून चुलीपाशी गेले.

सदू, तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. भाड्याची माणसं न्यायला मॅटाडोर काढण्याआधी हे मागच्या पडवीत जाऊन येतात आणि तोंडात वेलची टाकतात. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, वेलचीचा वास आला की मी देवापुढे दिवा लावते. माणूस वाईट नाही. माझ्यावर कधी हात उगारला नाही की पोरांना उपाशी ठेवलं नाही. पण सासऱ्यांच्या घरात दारूचं नाव काढत नाहीत, मग विचारू कसं? विचारणं म्हणजे नवऱ्यावर आळ घेणं. गेल्या महिन्यात लांज्याच्या वळणावर गाडी दगडाला घासली. म्हणाले, गाय आडवी आली. कुणाची गाय, एवढंही कुणी विचारलं नाही.

३ मेला बाबूचं वऱ्हाड राजापूरला जाणार. मॅटाडोरमध्ये बावीस माणसं, त्यांत माझी दोन्ही पोरं. मला फार भीती वाटते. तुझं उत्तरही ओटीवरच वाचलं जाईल, हे ध्यानात ठेवून लिही.

आठवण काढतोस तशी काढत जा.

तुझी आक्का

*

वेस्तेरोस
१२ एप्रिल १९८७

ती. आक्का हिस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सर्व समजलं.

इथली आणखी एक गंमत सांगतो, आप्पांना आवडेल. परवा सकाळी कामावर जाताना पोलिसांनी निल्सची गाडी अडवली. काहीही चुकलेलं नव्हतं. दारू प्यायलेली कळते ती एक नळी पुढे केली, निल्सने फुंकली, पोलिसाने आभार मानले, निल्सनेही मानले. मी विचारलं, तुला राग नाही आला? त्याला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाला, सगळ्यांनाच विचारतात, मग माझ्यावर संशय कसला?

आपल्याकडे नळी नाही. मग आपल्याकडे हे कुणी आणि कसं विचारावं? आप्पांना विचारून कळव. त्यांनी जन्मभर गाड्यांपुढे नारळ फोडले, देवाला गाऱ्हाणी घातली. त्यांना नक्की ठाऊक असेल.

भावोजी, हे तुम्हीच वाचत असाल. तुम्हाला माझा वेगळा नमस्कार. सगळ्यांनी मला आपलं मानत राहावं.

सदू

*

वरची वाडी
१० मे १९८७

चि. सदू यास अ. आ.

बाबूचं लग्न पार पडलं. नवी सून गोड आहे, माझ्यापेक्षा उंच आहे.

तुझं पत्र वाचताना हे मध्येच थांबले, पाणी प्यायले, मग पुढे वाचलं. आप्पांनी नळीचं पुन्हा वाचायला लावलं.

तीन तारखेला सकाळी मॅटाडोरला हार घातला. वऱ्हाड उभं होतं. वेलचीचा वास आला आणि मी दोन्ही पोरांना जवळ ओढलं. आप्पांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गावदेवी, पूर्वज, वाटेवरची सगळी स्थानं, प्रत्येकाचं नाव घेतलं, आम्ही होकार देत गेलो. मग ते थांबले आणि म्हणाले,

"बा म्हाराजा, आज जो या गाडीचं चाक धरनार हाय, त्याच्या पोटात पान्याबिगर काय नाय, आसं तो तुज्यासमोर सांगतो हाय. त्याला सुखरूप ने आनि सुखरूप आन."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. यांचा आवाज आला नाही. आप्पा नारळ तसाच धरून उभे. देवासमोर खोटं कसं बोलणार? यांनी खिशातून चावी काढली आणि हळदकुंकवाच्या ताटात ठेवली.

खालच्या मोहल्ल्यातले वजीरभाई लग्नालाच निघालेले. ट्रक चालवतात, थेंबाला शिवत नाहीत. त्यांनी चावी उचलली, मगच आप्पांनी नारळ फोडला. राजापूरपर्यंत हे त्यांच्या शेजारी खिडकीबाहेर बघत बसले होते. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, हायसंही वाटलं. तेव्हापासून हे माझ्याशी बोललेले नाहीत.

तुझं सुख चिंतणारी,
आक्का

*

वरची वाडी
१७ मे १९८७

चि. सदू यास भिकाजीचे आशीर्वाद. वि. वि.

घरात पत्रं वाचतो मी, लिहिते ही. त्यामुळे माझं अक्षर सांभाळून घे. एप्रिलचं पत्र मी माझ्या तोंडाने वाचलं. मी खुळा नाही. कुणासाठी लिहिलंयस, ते नळीपाशीच कळलं. राग आला. तुझा आला, आप्पांचा आला, हिचा सगळ्यांत जास्त आला. आठ दिवस बोललो नाही. मग मनात आलं, बारा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानेही मला विचारलं नाही. कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ठाऊक नाही. पण विचारायला हवं होतं.

आता रोज सकाळी ही गाडीपाशी येते आणि विचारते, चाक धरणार का? मीच तसं सांगितलं आहे. काल तिने विचारलं, मी म्हटलं, आज नको. गाडी दारात राहिली, पालीला न्यायची भाड्याची माणसं एस्टीने गेली. हिने चहा दिला, दुसरं काही विचारलं नाही.

निल्सला एक विचारून कळव. ज्याची चाक धरायची पाळी असते, तो बाकीचे पीत असताना हातांचं काय करतो? माझे हात रिकामे राहत नाहीत. उत्तर लवकर धाड. मिरगाच्या आधी बाबूच्या सासरी जेवण आहे आणि गाडी मला न्यायची आहे.

तुझा,
भिकाजी